मूळ फ्लॉपीची सक्ती

‘लोटस १-२-३’ ही १९८३ साली अमेरिकेत निघालेली आज्ञावली हार्ड डिस्कवर उतरविता येई. परंतु ती सुरू करताना मूळ फ्लॉपी यंत्रात घालावीच लागे. फ्लॉपी बिघडली की दाम मोजणाऱ्याचे काम अडले! चोर सोडून संन्याशाला सुळी, तसलाच हा न्याय. व्हॉल्ट कंपनीची ‘प्रोलोक’ युक्ती तर फ्लॉपीच्या पृष्ठावरच खूण करी. ती नकलेत उतरत नसे. टोरोंटोच्या क्वेड कंपनीने या कुलपाची किल्ली विकावयास काढताच व्हॉल्टने दावा लावला. १९८० च्या दुरुस्तीने अमेरिकन कायदा प्रतीच्या मालकास राखीव नक्कल करू देत होताच. किल्ली चोरालाही उपयोगी पडे. तथापि तिचा प्रामाणिक उपयोगही मोठा आहे, असे ठरवून १९८८ साली अपील न्यायालयाने क्वेडच्या बाजूने निर्णय दिला.