तास्कोची चांदी आणि तिच्या पाठीवरचे शिक्के

मेक्सिकोतील जुन्या चांदीच्या दागिन्यांचा जाणकार संग्राहक दागिना हाती येताच तो प्रथम उलटा करतो. पुढची नक्षी नंतर. आधी पाठीवरचे शिक्के. दागिना कोणाच्या कारखान्यातला, साधारण कोणत्या दशकातला आणि किती कसाचा, हे तिथे वाचता येते. तो घडवला कोणी, हे मात्र बहुधा तिथे नसते. हा धागा त्या शिक्क्यांविषयी.

'प्राचीन' हा शब्द या प्रांतात जपून वापरावा लागतो. स्पॅनिश आक्रमणापूर्वीचे बहुतेक सुवर्णकाम वितळवले गेले. कोर्तेसने राजाकडे पाठवलेल्या वस्तू 1520 मध्ये ब्रसेल्स येथे चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने पाहिल्या आणि दूरदेशीच्या त्या कारागिरांच्या प्रतिभेने आपण थक्क झाल्याचे रोजनिशीत नोंदवले. ड्यूरर सोनाराचा मुलगा. त्याला हे काम कळत होते. पण विजेत्यांनी मोल केले ते वजनाचे. जमिनीखाली राहिले ते वाचले. 1932 मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना मोंते अल्बान येथील सातव्या थडग्यात मिश्तेक दागिन्यांचा मोठा ठेवा सापडला. असे दागिने संग्रहालयातच पाहावेत. बाजारात संग्राहकाच्या वाट्याला येतात ते मुख्यत्वे विसाव्या शतकातले.

त्याआधीच्या तीन शतकांत चांदीवरचा शिक्का राजाचा होता. खाणीतून निघालेल्या चांदीचा पाचवा हिस्सा, म्हणजे 'किंतो', सरकारजमा झाला की लगडीवर तसा ठसा उमटे. तास्को हे या व्यवस्थेतले जुने खाणगाव. अठराव्या शतकात होसे दे ला बोर्दा या खाणमालकाने तिथे सांता प्रिस्का हे भव्य चर्च उभारले. चांदी मात्र गावाबाहेरच जात राहिली.

1929 मध्ये विल्यम स्प्रॅटलिंग तास्कोत स्थायिक झाला. हा अमेरिकन गृहस्थ न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात वास्तुकला शिकवत असे. 1931 मध्ये त्याने चांदीकामाचा कारखाना काढला आणि शेजारच्या इगुआला गावातून आर्तेमियो नावार्रेते या सोनाराला बोलावून घेतले. स्प्रॅटलिंग रेखाटने करी. प्राचीन मृत्तिकामुद्रांवरील आकृती, ठसठशीत चांदी, सोबत जांभळा अ‍ॅमेथिस्ट किंवा रोझवुडचे लाकूड. हातोडी चालवत ते नावार्रेते आणि त्याचे सहकारी. पाठीवर आद्याक्षरे उमटली ती स्प्रॅटलिंगची. 'तास्कोच्या चांदीचा जनक' ही त्याची ख्याती निराधार नाही, पण ती अर्धी आहे.

त्याच्या हाताखालून एक पिढी बाहेर पडली: एक्तोर आगिलार, कास्तियो बंधू, आंतोनियो पिनेदा. प्रत्येकाने आपला कारखाना काढला आणि आपला शिक्का कोरून घेतला. दुसऱ्या महायुद्धात युरोपचा माल बंद झाल्याने अमेरिकेतील मोठी दुकाने तास्कोकडे वळली आणि गावाची भरभराट झाली. युद्धानंतर ती मागणी ओसरली. भागधारक घेऊन वाढवलेल्या आपल्याच कंपनीवरचा ताबा स्प्रॅटलिंगच्या हातून गेला.

1940 च्या दशकाच्या अखेरीस सरकारी गरुडाचा शिक्का आला, शुद्धतेची हमी म्हणून. 1980 च्या सुमारास त्याची जागा अक्षर-अंकांच्या नोंदणीने घेतली: पहिले अक्षर गावाचे ('टी' म्हणजे तास्को), दुसरे कारागिराच्या वा पेढीच्या नावाचे, पुढे अनुक्रमांक. त्यामुळे अशी नोंदणी असलेला दागिना कोणी 1940 चा म्हणून विकत असेल, तर घासाघीस न करता परत करावा. कसाचा आकडाही बोलतो. 925 सर्वत्र दिसतो. 980 स्प्रॅटलिंगच्या आणि 940 आगिलारच्या कामावर विशेष आढळतो.

अडचण अशी की बाजार नावाला पैसे मोजतो आणि नावाचा ठसा खोटा पाडणे सोपे असते. सुबक, वजनदार, पण निनावी दागिना म्हणूनच स्वस्तात मिळतो. त्याच हातांनी घडवलेल्या, पण नामांकित शिक्क्याच्या दागिन्याला कितीतरी पट किंमत येते. मुरलेले संग्राहक शिक्का वाचून झाला तरी भिंग खाली ठेवत नाहीत. ते सांधे पाहतात, कडांची घासणी पाहतात, मागच्या बाजूची झिलई पाहतात. तिथे नावार्रेतेसारख्यांची ओळख पटण्याची थोडी तरी शक्यता असते.