फाउलर यांचा गाळ आणि पेट्रोलमधील मद्यार्क

पेट्रोलमध्ये मिसळलेली रसायने भूजलात उतरल्यावर जिवाणूंकडून त्यांचे विघटन करून घेण्याचे तंत्र १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात जन्मले, असे सामान्यतः मानले जाते. तथापि या तंत्राचे कूळ शोधत मागे गेल्यास वाट मँचेस्टरच्या मैलापाण्याच्या टाक्यांपाशी पोहोचते आणि तेथून बंगळूर व नाशिक रोडकडे वळते. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, शुद्धीकरणाची ही शाखा ज्या गिल्बर्ट जॉन फाउलर यांच्यापाशी फुटते, त्यांच्याच देखरेखीखाली मद्यार्काच्या भारतीय संशोधनाचीही एक महत्त्वाची शाखा वाढली. मद्यार्क हेच आज भारतातील पेट्रोलचे मुख्य मिश्रक असल्याने, पूर्णा नदीवरील धरणामुळे ओळखल्या जाणाऱ्या जिंतूर तालुक्यातील येलदरीच्या भूगर्भालाही या दोन्ही शाखांशी कर्तव्य आहे.

परिचित टप्पे थोडक्यात असे आहेत. इंजिनातील ठोके थांबविण्यासाठी १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग आले. त्याचे विषारीपण उघड झाल्यावर मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर, म्हणजेच एमटीबीई, पुढे आले आणि १९७९ पासून अमेरिकेत रूढ झाले. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला त्याच्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि २००४ पासून कॅलिफोर्नियात त्याच्यावर बंदी आली.

एमटीबीईची अडचण त्याच्या रचनेत आहे. बेंझिन एक लीटर पाण्यात दोन ग्रॅमही विरघळत नाही, तर एमटीबीई सुमारे पन्नास ग्रॅम विरघळते. मातीच्या कणांना ते फारसे चिकटत नाही आणि त्यामुळे जवळजवळ पाण्याच्याच गतीने पुढे सरकते. त्याच्या रेणूतील ईथरबंध आणि एकाच कार्बनभोवती दाटलेल्या फांद्या तोडण्यास प्राणवायू व खास विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, लागतात. एवढे करूनही जिवाणूच्या पदरी ऊर्जा थोडीच पडते. म्हणून एमटीबीईवर जगणारे जिवाणू अत्यंत सावकाश वाढतात. हा सावकाशपणाच पुढील सर्व विवेचनाचा आधार आहे.

मँचेस्टर महापालिकेच्या डेव्हिह्यूम येथील मैलाशुद्धीकरण केंद्राशी फाउलर यांचा दीर्घकाळ संबंध होता. १९१२ साली ते अमेरिकेत गेले असता मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स प्रयोगकेंद्रात मैलापाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग त्यांनी पाहिले, आणि परतल्यावर एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट या सहकाऱ्यांना त्या दिशेने काम करण्यास सुचविले. आर्डर्न आणि लॉकेट यांनी एप्रिल १९१४ मध्ये वाचलेल्या निबंधातून ‘सक्रिय गाळ’ ही पद्धत जगापुढे आली. तिचे श्रेय कोणाचे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. अमेरिकी पक्षाचे म्हणणे असे की, लॉरेन्स येथे पाटीच्या दगडाच्या फरश्यांवर जिवाणूंचा थर वाढू दिला जात होता आणि हवाही सोडली जात होती; मग मँचेस्टरने नवीन ते काय केले? या प्रश्नाचे उत्तर गाळाच्या जतनात आहे. आर्डर्न आणि लॉकेट यांनी प्रत्येक खेपेनंतर निवळलेले पाणी काढून घेतले, तळाचा गाळ मात्र फेकला नाही आणि त्याच गाळावर नवे मैलापाणी ओतले. त्यामुळे पहिल्या खेपेस कित्येक आठवडे घेणारी क्रिया काही तासांवर आली. हवेची कल्पना लॉरेन्सची होती हे मान्य करूनही, तयार झालेला मोकळा तरंगता गाळ सबंध राखून पुन्हा कामास लावणे ही मँचेस्टरची देणगी ठरते, आणि तिच्यामागील प्रेरणा फाउलर यांची होती.

वाहत्या टाकीत पाणी जितका वेळ थांबते त्याहून ज्याच्या दुपटीला अधिक वेळ लागतो असा जिवाणू वाहून जाऊन नष्ट होतो. गाळ राखला तरच तो टिकतो. एमटीबीईभक्षक जिवाणू नेमके याच वर्गातले आहेत. १९९४ मध्ये शेल कंपनीचे जोसेफ सलानित्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमटीबीईवर वाढणाऱ्या मिश्र जिवाणुसमूहाची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा तो समूह एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणातील गाळातून मिळविलेला होता. पीएम१ हा प्रसिद्ध वाण लॉस एंजेलिस परगण्याच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातील कंपोस्टच्या वायुगाळणीतून आला आणि पुढे त्याला मिथिलिबियम पेट्रोलिफिलम हे नाव मिळाले. या गाळणीतही जिवाणू एका जागी धरून ठेवलेले असतात. कॅलिफोर्नियातील पोर्ट ह्युनीमी येथील नौदल तळावर दूषित भूजलात असे जिवाणू आणि प्राणवायू सोडले गेले, तेव्हा डेव्हिह्यूमचीच पद्धत जमिनीखाली गेली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

या मताला दोन बलवान आक्षेप आहेत. पीएम१ च्या जनुकसंचाचा आराखडा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा एमटीबीई पचविण्याची जनुके त्याच्या मुख्य गुणसूत्रावर नसून एका मोठ्या, स्वतंत्र वर्तुळाकार डीएनएवर आढळली. अशी जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत असल्याने ही क्षमता कोठेही जुळून येऊ शकते, असा पहिला आक्षेप आहे. दुसरा आक्षेप जर्मनीतील लॉइना येथून येतो, कारण तेथील एल१०८ हा वाण गाळातून नव्हे, तर थेट दूषित भूजलातून मिळाला. याच वाणाच्या अभ्यासातून विघटनाच्या एका टप्प्याला ब१२ जीवनसत्त्वावर, अर्थात त्यातील कोबाल्टवर, अवलंबून असणारे विकर लागते असे दिसून आले. लॉइनाचा पुरावा नाकारता येत नाही. परंतु तेथील भूस्तरानेही वर्षानुवर्षे त्याच दूषित पाण्याच्या सान्निध्यात जिवाणू धरून ठेवले होते, म्हणजे जतनाचे तत्त्व तेथेही लागू पडते. ग्रॅनाइटपेक्षा बेसाल्टमध्ये कोबाल्टचे प्रमाण बरेच अधिक असते, त्यामुळे दख्खनच्या काळ्या पाषाणातील पाणी अशा जिवाणूंना अधिक मानवेल, असा तर्क करण्यासही जागा आहे.

फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. मँचेस्टरमध्येच काम करणाऱ्या खाइम वाइझमन यांची जिवाणूंकरवी ॲसिटोन बनविण्याची कृती तेव्हा दारूगोळ्यासाठी मोलाची ठरली होती आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात नाशिक रोड येथे ॲसिटोनचा कारखाना उभारला गेला. १९२० मध्ये फाउलर आणि सहकाऱ्यांनी मोहाच्या फुलांवरील विस्तृत निबंध संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. वाळलेल्या मोहफुलांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असल्याने मद्यार्कासाठी ती उत्तम ठरतात. पुढे मोहाची जागा उसाच्या मळीने घेतली, १९४८ मध्ये इंधनोपयोगी मद्यार्काचा केंद्रीय कायदा झाला, २००१ मध्ये मद्यार्कमिश्रित पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात सुरू झाले, २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आले आणि २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले.

मद्यार्क एमटीबीईसारखा चिवट नाही. जिवाणू तो झपाट्याने संपवितात, आणि धोका याच झपाट्यात आहे. भूजलातील मोजका प्राणवायू आणि त्यानंतर नायट्रेट मद्यार्काच्या पंगतीतच संपून जातात, त्यामुळे कर्करोगकारक बेंझिनचे विघटन लांबते आणि त्याचा दूषित पट्टा अधिक दूर जातो. ब्राझीलमधील फ्लोरियानोपोलिस येथे मद्यार्कमिश्रित पेट्रोल मुद्दाम जमिनीत सोडून केलेल्या प्रयोगात हा विलंब प्रत्यक्ष दिसला.

ब्राझीलमधील त्या प्रयोगाची जमीन वाळूची होती. येलदरी परिसराचा खडक दख्खनी बेसाल्टचा आहे. तेथे पाणी मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि घट्ट पाषाणाच्या भेगांत साठते. त्याची वाट भेग नेईल तिकडे जाते आणि दूषित पट्ट्याचा नकाशा सरळ आखता येत नाही. अशा भूस्तरात पेट्रोलपंपाच्या जमिनीखालील टाकीतून गळती झाल्यास जवळच्या निरीक्षणविहिरीत प्रथम प्राणवायू घटेल, मग नायट्रेट नाहीसे होईल, त्यानंतर मिथेन दिसू लागेल, आणि बेंझिन मात्र तसेच राहील. म्हणून येथील तपासणीत केवळ मद्यार्क मोजून भागणार नाही. विरघळलेला प्राणवायू, मिथेन आणि बेंझिन ही तिन्ही एकत्र मोजावी लागतील, आणि उपाय करावयाचा झाल्यास प्रथम हवाच सोडावी लागेल, कारण बेंझिन खाणारे जिवाणू मातीत सर्वत्र असतात आणि त्यांना उणीव असते ती केवळ प्राणवायूची.