ली, जेनी

ली, जेनी : (३ नोव्हेंबर १९०४ – १६ नोव्हेंबर १९८८). ब्रिटिश समाजवादी राजकारणी, ब्रिटनच्या पहिल्या कलामंत्री व तेथील मुक्त विद्यापीठाच्या प्रमुख शिल्पकार. जन्म स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील लॉखगेली या खाणगावी. वडील जेम्स ली हे कोळसा खाणीत कामाला होते आणि इंडिपेंडंट लेबर पार्टीचे खंदे कार्यकर्ते होते. घरात आजोबांपासून चळवळीचे वातावरण होते. कार्नेगी न्यासाची आणि स्थानिक शिक्षण मंडळाची मदत मिळाल्याने जेनी यांना एडिंबरो विद्यापीठात शिकता आले. तेथून एम. ए. व कायद्याची पदवी घेऊन त्या फाइफमध्येच शिक्षिका झाल्या.

मार्च १९२९मध्ये उत्तर लॅनर्कशायरची पोटनिवडणूक झाली. हुजूर पक्षाची ही जागा ली यांनी साडेसहा हजारांहून अधिक मताधिक्याने जिंकली, तेव्हा त्या २४ वर्षांच्या होत्या. स्त्रियांना पुरुषांप्रमाणे २१व्या वर्षी मताधिकार देणारा कायदा १९२८मध्येच संमत झाला होता. पण त्यानुसार तयार झालेली मतदारयादी अद्याप लागू व्हायची होती. त्यामुळे खासदार म्हणून निवडून आलेल्या ली यांना त्या निवडणुकीत स्वतः मत देण्याचा हक्क नव्हता. पहिल्याच भाषणात त्यांनी अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या अर्थसंकल्पावर कडाडून हल्ला चढवला. भाषण संपल्यावर खुद्द चर्चिल यांनी त्यांचे अभिनंदन केले.

१९३१मध्ये जागा गेली आणि पुढची चौदा वर्षे त्या संसदेबाहेर राहिल्या. इंडिपेंडंट लेबर पार्टीने १९३२मध्ये मजूर पक्षाशी फारकत घेतली, तेव्हा ली इंडिपेंडंट लेबर पार्टीतच राहिल्या. १९३४मध्ये त्यांनी वेल्समधील खाणकामगारांचे नेते अन्यूरिन बेव्हन यांच्याशी विवाह केला, तरी मजूर पक्षात त्या परतल्या १९४४मध्येच. १९४५ ते १९७० या काळात त्यांनी कॅनक मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. बेव्हन यांनी आरोग्यमंत्री म्हणून १९४८मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा उभारली. औषधोपचार जसे पैशाअभावी अडू नयेत, तसेच शिक्षण आणि कलाही अडू नयेत, ही ली यांची धारणा होती. बेव्हन यांच्या हयातीत मात्र पतीच्या राजकारणाला बळ देण्यासाठी त्यांनी स्वतःची कारकीर्द मागे ठेवली. १९६०मध्ये बेव्हन यांचे निधन झाले.

१९६४मध्ये हॅरल्ड विल्सन पंतप्रधान झाले व त्यांनी कलाविषयक जबाबदारी ली यांच्याकडे सोपवली. पद कनिष्ठ होते. १९६७मध्ये त्यांना राज्यमंत्रिपद मिळाले. पण १९५१मध्ये बेव्हन यांच्याबरोबर मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्यांत विल्सन होते. हा जुना ऋणानुबंध असल्याने ली यांचा शब्द पंतप्रधानांपर्यंत थेट पोचत असे, आणि त्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. फेब्रुवारी १९६५मध्ये त्यांनी ब्रिटनच्या इतिहासातील पहिली कलाविषयक श्वेतपत्रिका सादर केली. आर्ट्‌स कौन्सिलचे सरकारी अनुदान १९६४-६५मध्ये सुमारे ३२ लाख पौंड होते, ते १९७०-७१पर्यंत ९० लाखांच्या पुढे गेले. लंडनबाहेरची नाट्यगृहे आणि प्रादेशिक कलासंस्था यांना त्यातून आधार मिळाला. राष्ट्रीय चित्रपट विद्यालयाची पायाभरणीही याच काळातली. पैसा सरकारने द्यावा, पण काय रंगवावे, काय लिहावे, काय सादर करावे यात मंत्र्याने पडू नये, हे पथ्य त्यांनी कसोशीने पाळले. सत्तेला कलेचा आश्रयदाता व्हायचे असेल, तर यापेक्षा चांगला नियम सापडणे कठीण आहे. तरीही अनुदानाचा मोठा वाटा लंडनच्या बड्या संस्थांकडेच जात राहिला, हा आक्षेप खोडून काढता येत नाही.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र शिक्षणातले. नभोवाणी-दूरचित्रवाणीवरून विद्यापीठीय शिक्षण देण्याची कल्पना विल्सन यांनी १९६३मध्ये ग्लासगो येथील भाषणात मांडली होती. ती प्रत्यक्षात आणण्याची कामगिरी ली यांच्यावर आली. शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना योजनेत रस नव्हता, अर्थखाते खर्चावर बोट ठेवत होते आणि विरोधी पक्ष तिची टिंगल करत होता. ली यांनी सल्लागार समितीचे अध्यक्षपद स्वतःकडेच घेतले. प्रौढांसाठी छोटे पदविका वर्ग काढून भागवावे, अशी सूचना पुढे आली होती. त्यांनी ती साफ नाकारली. प्रवेशाला पूर्वीच्या परीक्षेची अट नको, पण पदवीचा दर्जा मात्र इतर विद्यापीठांच्या तोडीचा हवा, या दोन गोष्टींवर त्यांनी तडजोड केली नाही. गरिबासाठी दुय्यम दर्जाचे काही काढणे हा त्यांना गरिबाचा अपमान वाटे. १९६९मध्ये मुक्त विद्यापीठाला राजसनद मिळाली. जानेवारी १९७१मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले. टपालाने येणारी पाठ्यपुस्तके, बीबीसीवरचे पाठ, गावोगावच्या केंद्रांत भेटणारे मार्गदर्शक आणि उन्हाळी निवासी वर्ग अशी त्याची घडण होती. नोकरी-घर सांभाळून माणसे रात्री अभ्यास करू लागली.

हे विद्यापीठ सुरू होण्याआधीच, १९७०च्या निवडणुकीत, ली कॅनकमधून पराभूत झाल्या. सत्तांतरानंतर शिक्षणमंत्री झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी विद्यापीठ चालू ठेवले. ली यांना त्याच वर्षी तहहयात उमरावपद मिळाले व त्या ॲशरिजच्या बॅरोनेस ली म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये बसू लागल्या. ‘टुमॉरो इज अ न्यू डे’ (१९३९) व ‘माय लाइफ विथ नाय’ (१९८०) हे त्यांचे आत्मपर ग्रंथ. लंडन येथे त्यांचे निधन झाले.

मुक्त विद्यापीठाचा हा नमुना पुढे अनेक देशांनी स्वीकारला. भारतात हैदराबाद येथे १९८२मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९मध्ये स्थापन झाले.