शहरालगतच्या रानभाज्या : ओळख पानाची, पारख जागेची

मृगाचा पाऊस पडून पंधरवडा उलटला की साताऱ्यात बिनपैशाची भाजीखरेदी सुरू होते. अजिंक्यताऱ्याचा उतार, यवतेश्वराचा घाट, एखाद्या सोसायटीमागचा मोकळा भूखंड, अशा ठिकाणांहून सकाळी फिरायला गेलेली मंडळी पिशवीभर टाकळा किंवा कुर्डू खुडून आणतात. जावळी आणि परळी खोऱ्यातील स्त्रिया याच भाज्यांचे वाटे मंडईत मांडून बसतात. अलीकडच्या वर्षांत कृषी विभागही पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवू लागला आहे. एकेकाळी गरिबाचे खाणे म्हणून दुर्लक्षिलेल्या या भाज्या त्यामुळे शहरी ताटात मानाने आल्या. उत्साह वाढला, पारख मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाही.

सातारा जिल्ह्याची रचनाच अशा वैविध्याला अनुकूल आहे. पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील माण-खटाव पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास असतो. सातारा शहर या दोहोंच्या मध्ये वसले आहे. घाटाकडील भारंगी, फोडशी आणि करटोली येथे मिळतात, तशा देशावरील पाथरी आणि तांदुळजाही मिळतात. सांगलीकडे गेल्यास घाटाकडील भाज्या मागे पडतात आणि घोळ, चिघळ, पाथरी अशा शेताच्या बांधावरील भाज्यांचे राज्य सुरू होते.

सर्वांत परिचित भाजी टाकळ्याची. पानाला पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात, त्यांची टोके गोलसर असतात आणि सायंकाळी त्या मिटतात. भाजी कोवळ्या पानांचीच करावयाची. रोप फुलावर आले की पाने जून व कडवट होतात. कुर्ड्याचेही तसेच. त्याचे रुपेरी-गुलाबी तुरे दिसू लागले की भाजीचा हंगाम संपला असे समजावे. फरशीच्या फटीतही उगवणारी आंबट आंबुशी आणि मांसल पानांची घोळ या तर शहरवासीयच म्हणावयास हव्यात. या दोहोंत ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या बेतानेच खाव्यात. करटोलीच्या नर व मादी वेली वेगवेगळ्या असतात, हे ठाऊक नसलेला मनुष्य नर वेलीपाशी फळांची वाट पाहत बसतो! भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीला, बैलाच्या श्रमाचे अन्न न खाण्याचा रिवाज आहे. त्या दिवशीच्या मिश्र भाजीमुळे अनेक घरांत ही ओळख टिकून राहिली.

टाकळ्याच्या कुळातील कासविंदा मात्र वेगळा ओळखावा लागतो. त्याच्या पर्णिका टोकदार असून जोड्या अधिक असतात आणि पान चुरडल्यास उग्र दुर्गंधी येते. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले दगावण्याचे एक गूढ वर्षानुवर्षे मेंदूज्वर म्हणून गणले जात होते. त्याचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी असल्याचे २००७ च्या सुमारास पुढे आले. पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांनी नटणाऱ्या कळलावीचा कंदही अत्यंत विषारी असतो. अनोळखी कंद खाण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

परंतु शहरात चूक होते ती बहुधा झाडाच्या ओळखीत नव्हे, जागेच्या निवडीत. तांदुळजा व घोळ या वनस्पती मातीतील जड धातू सहज शोषून घेतात. त्यामुळे नाल्याकाठी किंवा गॅरेजमागे तरारून वाढलेले रोप दिसायला कितीही ताजे असले तरी ते खाण्याजोगे नसते, आणि ते धुतल्याने शुद्धही होत नाही. सांगलीत शेरीनाल्याच्या सांडपाण्याचा प्रश्न जुनाच आहे. तेथील काठाची भाजी न घेणेच बरे. उसाच्या व द्राक्षांच्या पट्ट्यात तणनाशकाची फवारणी केव्हा झाली, हे शेतमालकाला विचारल्याशिवाय बांधावरची पाथरी खुडू नये. पिवळी पडू लागलेली किंवा वेडीवाकडी पिळवटलेली पाने हे फवारणीचे लक्षण असू शकते.

अळंबीचा विषय स्वतंत्र आहे. वारुळाजवळ उगवणारी अळंबी ही सह्याद्रीची खरी मेजवानी. वाळवी आपल्या वारुळात जी बुरशी जोपासते, तिचेच हे फळ. म्हणून त्याचा दांडा मुळासारखा खोल जमिनीत गेलेला असतो. याउलट शहरातील हिरवळीवर पावसानंतर उगवणारी, तपकिरी खवल्यांची मोठी पांढरी छत्री खाल्ल्यास काही तासांतच उलट्या व जुलाब सुरू होतात. तिच्या टोपीखालील पडदे जून झाल्यावर हिरवट होतात, परंतु कोवळेपणी ही खूण दिसत नाही. चांदीचे नाणे काळे पडणे, लसणाचा रंग बदलणे या घरगुती परीक्षा सर्वस्वी निराधार आहेत. काही प्राणघातक जातींचे विष शिजवूनही नष्ट होत नाही. त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो, मध्ये रुग्णाला बरे वाटल्याचा भास होतो आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात विषारी भूछत्रे खाऊन १३ जण दगावले. शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि उरलेले भूछत्र किंवा शिजवलेली भाजी सोबत न्यावी.

खुडण्यालाही कायद्याची मर्यादा आहे. कोयना अभयारण्यात आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीविना काहीही गोळा करता येत नाही. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासमवेत जागतिक वारसा यादीत गेले. तेथील कंदीलपुष्पाच्या वेलीचा छोटा कंद गुराखी पोरे पूर्वी उकरून कच्चाच खात. त्या वेलीच्या काही जाती आज सह्याद्रीच्या मोजक्याच जागी उरल्या आहेत. पठारावर फूल तोडण्यासही मनाई असून उल्लंघन करणाऱ्यास दंड भरावा लागतो.