मराठी ख्रिस्ती मंडळी : अंगच्या गुणांची देवघेव

मराठी ख्रिस्ती समाजात एका चर्चच्या सर्व सभासदांना मिळून ‘मंडळी’ म्हणतात. एकाच्या अंगचा गुण मंडळीत सर्वांच्या कामी कसा आला, याची काही उदाहरणे येथे देत आहोत. ती कोणत्याही समाजाने पाहण्यासारखी आहेत.

दृष्टान्त

बायबलमध्ये एक कथा आहे. परगावी निघालेला धनी तीन चाकरांकडे पैसे सोपवतो. दोघे ते व्यापारात लावून दुप्पट करतात. तिसरा भीतीने पुरून ठेवतो आणि बोलणी खातो. मूळ कथेतल्या त्या रकमेचे नाव ‘टॅलेंट’. अंगच्या गुणाला इंग्रजीत टॅलेंट म्हणू लागले, ते याच कथेवरून. पडून राहिलेली रक्कम कोणाच्याच उपयोगाची नसते, हे आम्हां बँकवाल्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

शब्द आणि सूर

सुरुवातीला मराठी चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरे परक्या चालींवर गायली जात. पुढे अहमदनगर भागात (आताचे अहिल्यानगर) ख्रिस्ती कीर्तन रुजले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग आणि भजनाच्या वळणाची गीते मंडळीला दिली. ती आजही उपासनेत गायली जातात.

टिळकांनी लग्नानंतर पत्नी लक्ष्मीबाईंना लिहा-वाचायला शिकवले. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, तेव्हा पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनीच रचले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. शाळेत न गेलेल्या या बाईंचे आत्मचरित्र मराठी साहित्यात मानाचे मानले जाते.

हातांचे कसब

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे केडगावचे मुक्ती मिशन हे दुसरे उदाहरण. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना पुणे जिल्ह्यात केडगावी घेऊन गेल्या. आपले बुऱ्हाणपूर तेव्हा याच मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते.

या मुलींच्या पाठीशी माहेर नव्हते आणि सासरही नव्हते. हाताला काम येणे हाच त्यांचा आधार होता. म्हणून वाचन-लेखनाबरोबर विणकाम, शिवणकाम, शेती, गुरांची निगा, तेल काढणे, छपाई अशी कामे शिकवली जात. अंध मुलींना ब्रेल आणि वेताचे काम शिकवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मिशनमधल्या स्त्रियांनीच केले. रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, तो पूर्ण ग्रंथ बाहेर पडला. एकीची विद्वत्ता आणि अनेकींचे हात एकत्र आले, म्हणून हे काम तडीस गेले.

कापणीचा सण

अनेक चर्चमध्ये कापणीचा सण होतो. सभासद शेतातले धान्य, परसातली भाजी, घरी केलेले पदार्थ, शिवणकाम घेऊन येतात. त्यांचा लिलाव होतो आणि आलेली रक्कम मंडळीच्या कामाला जाते. ज्याच्याकडे रोख पैसा नाही, त्याचाही हातभार लागतो. एरवी स्वयंपाकघराबाहेर न आलेले कसब त्या दिवशी चारचौघांत मान मिळवते.

आपल्यासाठी

वरच्या प्रत्येक उदाहरणात गुणाचे नुसते कौतुक झाले नाही, त्याला नेमके काम मिळाले. आपल्याकडे गुणी माणसाला शाल-श्रीफळ देतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. सत्कार हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. कोणाला मोडी वाचता येते, कोणी उत्तम पेटी वाजवतो, कोणाला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, कोणी मागाचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखतो. अशी माणसे आपल्या घराघरांत आहेत आणि बहुतेकांनी साठी ओलांडली आहे.

सभासदांना विनंती एवढीच की, आपल्याला येणारी एक गोष्ट या वर्षी निदान दोघांना शिकवावी. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना काय येते, ते मुलांनी आजच विचारून ठेवावे.