हेड उतरवल्यावर निघालेलं काम : परभणीकडच्या मिस्त्रीच्या मजुरीचा इतिहास

गॅरेजच्या बिलाचे दोन भाग असतात : माल आणि मजुरी. मालाची किंमत डब्यावर छापलेली असते, मजुरी कुठेच छापलेली नसते. त्यामुळे भांडण होतं ते मजुरीवरून. तेही ठरलेल्या कामाच्या मजुरीवरून क्वचित; बहुतेक वेळा जास्तीच्या कामावरून. रिंगा बदलायला म्हणून इंजिन आणलं, हेड उतरवलं, आणि बघतो तर लायनर घासलेला. आता या पुढच्या कामाची मजुरी किती, आणि ती ठरवायची कोणी? हा प्रश्न आज आपण परभणी जिल्ह्याच्या अंगाने पाहू.

इंजिन यायच्या आधीपासून सुरुवात करावी लागेल. गावातल्या लोहार-सुताराकडे दुरुस्तीचं बिल हा प्रकारच नव्हता. फाळाला धार लावणं, कुळवाची फास नीट करणं, मोडलेलं जू सांधणं, हे सगळं बलुत्यात. सुगीला खळ्यावर ठरलेला धान्याचा वाटा द्यायचा, की वर्षभराची दुरुस्ती झाली. लोखंड, लाकूड, कोळसा शेतकऱ्याचा. बऱ्याचदा भाता ओढायलाही त्यालाच बसावं लागे. नवी बैलगाडी करायची असेल तर मात्र ते बलुत्याबाहेरचं, त्याचं वेगळं ठरायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त हा व्यवहार बारकाईने आला आहे.

यात कामाचे तास कोणी मोजत नव्हतं. अवजार वर्षात एकदा मोडो की दहादा, वाटा तोच. आजच्या भाषेत याला वार्षिक देखभालीचा करार म्हणायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. करार दोन्ही बाजूंना मोडता येतो. लोहाराचं काम जातीने ठरलेलं होतं आणि वाटा वाढवून मागायची त्याची ताकद फार थोडी. जास्तीचं काम फुकट होतं असं नाही. त्याची किंमत कारागिराच्या अंगावर पडत होती, एवढंच.

इंजिनाने हे मोडलं. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद रेल्वे परभणीवरून गेली. परभणी, सेलू, मानवत ही कापसाची गावं. सरकी काढायचे आणि गाठी बांधायचे कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर यंत्रं आली. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्या घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली. या यंत्रांचं बलुतं ठरलेलं नव्हतं. ती दुरुस्त करणारा माणूस रोख पैसे घेणारा होता, मग तो लोहाराचा मुलगा असो की शहरातला मुसलमान कारागीर. मिस्त्री हा शब्द जातीचा नाही, हातातल्या कसबाचा आहे, हे लक्षात घ्या.

अंदाज काढताना इथे आणखी एक गंमत होती. निजामाच्या राज्यात चलन हाली शिक्क्याचं, तर मुंबईचा माल कलदार रुपयांत. १०० कलदार म्हणजे सुमारे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. म्हणजे बिलातला माल एका नाण्यात आणि मजुरी दुसऱ्यात! माल 'परदेशी' आणि मजुरी 'घरची', ही जी भावना आपल्याकडे अजून दिसते, तिला एके काळी असा नाण्याचा आधारही होता.

खेड्यापर्यंत इंजिन पोचलं ते विहिरीवर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात स्थापन झाली, आणि पुढे मोटेची जागा हळूहळू पंपाने घेतली. आता बघा, ऊस वाळतोय, इंजिन मिस्त्रीकडे उघडं पडलंय, आणि मिस्त्री म्हणतो, क्रँकपण घासावा लागेल. अशा वेळी शेतकरी घासाघीस करू शकतो का? १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षी तर मुळीच नाही. बलुत्यात कारागीर अडलेला होता. इथे गिऱ्हाईक अडलेलं आहे. म्हणून लोक काम उक्तं द्यायला बघत आणि शहाणा मिस्त्री उघडल्याशिवाय उक्तं घ्यायला तयार नसे. दोघांचंही बरोबर होतं, असं आमचं मत आहे.

अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२० च्या सुमारास यावर तोडगा काढायचा प्रयत्न केला : प्रत्येक कामाचा दर आधीच ठरवायचा आणि तो गिऱ्हाइकाला आधीच सांगायचा. पण गंजलेला बोल्ट तक्ता वाचत नाही. शिवाय कामं एकात एक गुंतलेली असतात. समजा हेड उतरवून बसवायला ४ तास, आणि वॉल्व्ह घासायचं काम तक्त्यात ६ तासांचं, ज्यात हेड उतरवण्याचे ४ धरलेले आहेत. दोन्ही कामं एकदम केली तर मजुरी १० तासांची नाही, ६ तासांची. स्पोर्ट्स कारमध्ये हे टोकाला जातं. फेरारीच्या ३५५ मॉडेलमध्ये टायमिंग बेल्ट बदलायलाच इंजिन खाली काढावं लागतं. एकदा ते खाली आलं की शेजारच्या कामांची जादा मजुरी थोडीच उरते. पण सगळी कामं सुटी सुटी धरून बिल केलं तर ते काही पटींनी फुगतं. विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन असो की ही गाडी, विचारायचा प्रश्न एकच : हे उघडलंच आहे, तर वरचे तास किती?

आणि न विचारता काम केलं तर? १८७२ चा भारतीय करार कायदा हैदराबाद राज्याला १९५१ पासून लागू झाला. त्याच्या कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर श्रम किंवा कसब खर्च केलं, तो मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवू शकतो, उधारी कबूल केली नसेल तर. कलम ७० म्हणतं, फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केलं आणि त्याने लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. मात्र बी. के. मोंडल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की समोरच्याला ती गोष्ट नाकारायची मुभा असली पाहिजे. तो खटला बांधकामाचा होता. बांधलेली शेड नको असेल तर काढून न्या म्हणता येतं. घासलेला क्रँक मात्र सहजासहजी परत जाड करता येत नाही.

म्हणूनच आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांची रीत आम्हाला महत्त्वाची वाटते. लायनर घासलेला निघाला की काम थांबवायचं, मालकाला निरोप धाडायचा, तो आल्यावर त्याचं बोट लायनरच्या आतून फिरवायचं, तिथली कड त्याच्या नखाला लागू द्यायची, आणि मग मजुरीचा आकडा बोलायचा. काम झाल्यावर जुन्या रिंगा चिंध्यात बांधून इंजिनाबरोबर परत द्यायच्या.