आकडे चालू लागतात तेव्हा

क्रिमियाच्या युद्धात जानेवारी १८५५ या एका महिन्यात ब्रिटिश सैन्यातील ८३ जण जखमांनी मरण पावले, तर २,७६१ जण कॉलरा, आमांश, विषमज्वर यांसारख्या रोगांनी. शत्रूच्या शस्त्रांपेक्षा रोगराईने तेहतीसपट माणसे मारली होती. पण आकड्यांचे तक्ते वाचतो कोण? म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये त्यांचे चित्र केले. प्रत्येक महिन्याची एक पाकळी. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. मृत्यूंचे प्रमाण पाकळीच्या क्षेत्रफळावरून कळे.

या चित्रातील एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. चक्रे दोन आहेत: एक मार्च १८५५ पर्यंतचे, दुसरे त्यानंतरचे. त्याच मार्चमध्ये आरोग्य आयोग तेथे पोहोचला आणि सफाई सुरू झाली. दुसरे चक्र पहिल्यापेक्षा खूपच लहान असल्याने पाहणारा आपोआप म्हणतो, 'सफाईने मृत्यू घटले.' निष्कर्ष बव्हंशी योग्यच; पण रोगाने होणारे मृत्यू फेब्रुवारीतच २,१२० वर आणि मार्चमध्ये १,२०५ वर उतरले होते. ही उतरण पहिल्या चक्रात दडून राहते. काळाचे दोन तुकडे कोठे करायचे हे चित्रकर्ता ठरवतो, आणि तेथेच मन वळवण्याचे काम सुरू होते.

दीडशे वर्षांनी हीच चित्रे हलू लागली. स्वीडनचे डॉक्टर हान्स रॉसलिंग स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत शिकवत. देशांच्या पाच जोड्या देऊन प्रत्येक जोडीत बालमृत्यू कोठे अधिक, असे त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी अडीच उत्तरे बरोबर यावीत, आली १.८! हे नुसते अज्ञान नव्हते, जुन्या समजुतींचा पगडा होता. तो घालवण्यासाठी रॉसलिंग, त्यांचा मुलगा ओला आणि सून ॲना यांनी आकडे हलते करणारी संगणक-प्रणाली घडवली. २००६ मधील त्यांचे व्याख्यान इंटरनेटवर आले आणि जगभर पाहिले गेले. २०१० मध्ये बीबीसीसाठी त्यांनी २०० देशांचा २०० वर्षांचा प्रवास चार मिनिटांत दाखवला.

त्यात प्रत्येक देश म्हणजे एक बुडबुडा. आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न, उभ्या अक्षावर आयुर्मान. आकार लोकसंख्येचा, रंग खंडाचा. १८१० मध्ये सगळे बुडबुडे खाली डाव्या कोपऱ्यात दाटलेले, आयुर्मान चाळिशीच्या आत. पुढे काही देश वर निघतात, १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत घसरतात, आणि १९४८ नंतर आशियाही वाट धरतो. एका वर्षाच्या वाट्याला जेमतेम एक सेकंद येतो, तरी सारे ध्यानात राहते, कारण हलणाऱ्या वस्तूमागे डोळा आपोआप जातो.

पण येथेही काही निर्णय दडलेले आहेत. आडव्या अक्षावर ४००, ४,००० आणि ४०,००० डॉलर समान अंतरावर आहेत, म्हणजे मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे. साध्या मोजपट्टीवर गरीब देश डाव्या कडेला चिकटून बसले असते आणि दरी अधिक भयानक दिसली असती. पहिली मोजपट्टी 'किती पट' सांगते, दुसरी 'किती फरक'. दोन्ही खऱ्या, मात्र मनावरचा परिणाम निराळा. दुसरे असे की बुडबुडा अखंड सरकतो, माहिती मात्र तुटक असते. भारतात पहिली जनगणना १८७२ ची. त्याआधीचे आयुर्मान हा अभ्यासकांचा अंदाज आहे. नोंद आणि अंदाज पडद्यावर एकसारखेच सरकतात. तिसरी अडचण सरासरीची. ती रॉसलिंग यांनी स्वतःच उघड केली: चीनचा बुडबुडा फोडला, तेव्हा शांघाय इटलीशेजारी गेले आणि ग्वेझौ प्रांत पाकिस्तानशेजारी.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. दहा देशांचे उत्पन्न आणि आयुर्मान विद्यार्थ्यांनी एकदा साध्या आणि एकदा लॉग आलेखकागदावर मांडावे, आणि प्रत्येक आलेखाखाली एक वाक्याचा निष्कर्ष लिहावा. वाक्ये वेगळी आली तर चर्चा करावी. मग लस, धरण, प्रदूषण अशा प्रश्नांवरील एखादी चित्रफीत दाखवून तीन गोष्टी विचाराव्यात: सुरुवात कोठून केली? मोजपट्टी कोणती? सरासरीत कोण हरवले?

चित्र मन वळवते म्हणून ते खोटे ठरत नाही. नाइटिंगेल यांच्या चित्रामागे हजारो माणसांचे खरे मृत्यू होते. मात्र आज अशी चित्रे कोणीही करू शकतो, आणि विद्यार्थी ती रोज पाहतात. त्यामुळे आलेख काढण्याइतकेच तो उलगडून वाचणे शिकवावे लागेल.